गाडी भरली की सुटेल

आफ्रिका खंडात अल्प खर्चात हिंडणाऱ्या समस्त पांथस्थांचा मूळपुरुष म्हणून कोणाची तसबीर भिंतीवर लावावयाची झाली, तर ती इब्न बतूताचीच लावावी लागेल. मोरोक्कोतील तांजियर गावचा हा गृहस्थ निम्मे जग पालथे घालून, दिल्लीस महंमद तुघलकाच्या पदरी काही वर्षे काझीपण करून आणि आपले दौलताबादही नजरेखालून घालून, १३५२ साली सहाराचे वाळवंट ओलांडून माली देशाच्या राजधानीत दाखल झाला. राजाकडून आतिथ्याचा नजराणा येत असल्याची वर्दी मिळताच मानाची वस्त्रे आणि मोहरांची थैली येणार, अशा अपेक्षेने तो लगबगीने उठून उभा राहिला. प्रत्यक्षात आल्या त्या तीन भाकऱ्या, तळलेल्या मांसाचा एक तुकडा आणि तुंब्यात भरलेले आंबट दही. हे पाहून आपणास हसू आवरले नाही, असे त्याने स्वतःच नमूद करून ठेवले आहे. पुढे काही महिने लोटले तरी थैलीचे चिन्ह दिसेना, तेव्हा त्याने भर दरबारात राजाला विचारले की, अन्य मुलखांतल्या सुलतानांपुढे मी आपल्याविषयी काय सांगावे? या एका प्रश्नासरशी त्याला राहावयास घर आणि खर्चास तनखा मंजूर झाला. प्रतिकूल अभिप्रायाचा धाक घालून खोली पदरात पाडून घेण्याच्या विद्येचा याहून जुना दस्तऐवज आमच्या पाहण्यात नाही.

त्यानंतरच्या सुमारे पावणेसातशे वर्षांत त्या खंडात साम्राज्ये आली आणि गेली, आगगाड्या आल्या, विमाने आली, आणि भ्रमणध्वनीवरून पैसे पाठविण्याची सोय तर केनियात २००७ सालीच, म्हणजे आपल्याकडे भाजीवाल्याच्या गाडीवर चौकोनी ठिपक्यांचे चित्र लटकण्याच्या कितीतरी आधी, येऊन पोहोचली. परंतु अल्पखर्ची प्रवासाचा मूळ कायदा मात्र तसूभरही बदललेला नाही. ज्याच्या थैलीत पैसा थोडा, त्याने बाकीची रक्कम वेळेच्या रूपाने चुकती करावयाची, हा तो कायदा. धनिक पर्यटक सकाळी छोट्या विमानातून माळावर उतरतो, दुपारपर्यंत सिंह पाहतो आणि रात्री त्याची हकीकत सांगत मेजवानीस बसतो. हलक्या खिशाच्या प्रवाशास त्याच सिंहापर्यंत पोहोचावयास आठवडे लागतात, आणि पुष्कळदा सिंहाच्या ऐवजी कोंबडीवर समाधान मानावे लागते. मात्र ती कोंबडी शेजारच्या प्रवाशाच्या मांडीवर बसलेली असल्यामुळे तिचे दर्शन सिंहापेक्षा पुष्कळच जवळून होते.

आमचे सहप्रवासी भाऊसाहेब यांना हा कायदा समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. भाऊसाहेबांची सारी हयात जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात इतरांच्या प्रवासभत्त्याच्या बिलांवर लाल शाईने प्रश्नचिन्हे उमटविण्यात गेलेली; त्यामुळे प्रवास ही वस्तू मुळातच संशयास्पद असून ती पुराव्याविना मान्य करू नये, अशी त्यांची धारणा झालेली होती. निवृत्तीनंतर त्यांच्यापाशी वेळ अमाप होता आणि पैसा हिशेबी होता. आफ्रिकेस लागतो तो प्रवासी नेमका असाच.

पहिला धडा मिळाला तो चलनाचा. पूर्व आफ्रिकेतील ब्रिटिश अमलात १९२० सालापर्यंत आपला रुपया राजरोस चालत होता, ही माहिती भाऊसाहेबांनी निघण्यापूर्वीच मिळवून ठेवली होती. परंतु त्या माहितीस आज तेथे कोणी मोड देत नाही. तेथे डॉलर लागतो, आणि तोही कोणताही डॉलर चालत नाही. नोट जुन्या सालची असू नये, तिला घडीची चुणी नसावी, टाचणीचे भोक नसावे, कोपऱ्यावर कोणा बँकेच्या कारकुनाने आकडा लिहिलेला नसावा. शिवाय शंभराच्या नोटेस एक भाव आणि पाच-दहाच्या नोटांस त्याहून उतरता भाव, असा वर्णभेदही तेथे पाळला जातो. टांझानियातील एका गावी पैसे बदलून देणाऱ्या खिडकीपाशी बसलेल्या बाईंनी भाऊसाहेबांची नोट प्रथम उजेडासमोर धरली, मग उलटी केली, मग अंगठ्याने कडा चोळून पाहिल्या, मग तिच्यावरील साल वाचण्यासाठी चष्मा पुसला, आणि अखेरीस काहीही न बोलता एका बोटाने ती नोट खिडकीतून परत सरकवली. साल २००३ होते. दुसरी नोट काढली, तर तिच्या कोपऱ्यात निळ्या पेनाची अर्ध्या इंचाची रेघ. तिसरी स्वीकारली गेली तेव्हा भाऊसाहेबांच्या मुद्रेवर संतापाचा मागमूसही नव्हता. उलट गुणग्राहकतेचे तेज होते. "अहो, असे एक माणूस आमच्या खात्यात असते," ते खिडकीपासून दूर होताना म्हणाले, "तर तालुक्यातला एकही बांध कागदावरच वाहून गेला नसता." तात्पर्य, डॉलर न्यावयाचे ते कोरे करकरीत, आणि ते पुस्तकात सपाट ठेवून न्यावेत, त्या प्रवासापुरते पुस्तक वाचावयाचे नसते.

दुसरा धडा वाहनाचा. केनियात त्याला मटाटू म्हणतात, टांझानियात डालाडाला, घानामध्ये ट्रोट्रो, आणि सेनेगालमध्ये वर्षानुवर्षे झिजलेल्या सात आसनी प्युजो मोटारींना सेत-प्लास. नावे निराळी, परंतु सर्वांची राज्यघटना एकच: गाडी भरली की सुटेल. ती केव्हा सुटणार असा प्रश्न विचारणाऱ्यास 'आत्ता' असे उत्तर मिळते, आणि ते खोटेही नसते. कारण जो क्षण अद्याप आलेला नाही तो आल्याबरोबर 'आत्ता'च होणार असतो. नैरोबीच्या एका गजबजलेल्या तळावर चौदा आसनांची एक मटाटू जवळजवळ भरलेली दिसली. दोनच जागा रिकाम्या. इंजिन चालू, चालक चाकावर, वाहक दारात लोंबकळून गावाचे नाव पुकारतो आहे, अशा त्या सर्वलक्षणसंपन्न वाहनात आम्ही घाईघाईने चढलो. पाच मिनिटांनी पुढच्या बाकावरील एक तरुण शांतपणे उतरून गेला. थोड्याच वेळात टोपली घेतलेली एक बाई आली आणि त्याच्या जागी बसली. मग मागचा एक जण उतरला. त्याच्या जागी पोते घेतलेला शेतकरी आला. भाऊसाहेब एकाएकी ताठ होऊन बसले. त्यांनी मान वळवून एकेक प्रवासी निरखला, बोटांवर काही मोजले, आणि ज्या आनंदाने निवृत्त नटाने जुने नाट्यपद गुणगुणावे त्या आनंदाने ते म्हणाले, "अहो, हा खोटा हजेरीपट आहे!"

आणि तो तसाच होता. गाडी भरत आल्याचा देखावा उभा करण्यासाठी वाहकाने रोजंदारीवर माणसे आणून बसवावीत, खरा उतारू आला की त्यातील एकाने जागा खाली करून पुढच्या गाडीत जाऊन बसावे, असा हा रीतसर व्यवसाय आहे. त्या मंडळींना दिवसभर बसण्याचे पैसे मिळतात आणि ती कोठेही जात नाहीत. रोजगार हमीच्या कामांवरील हजेरीपट तपासण्यात ज्याची दृष्टी मुरली आहे अशा माणसाने हे बिंग पंधरा मिनिटांत उघडकीस आणले, एवढेच नव्हे तर त्यावरील अचूक कसोटीही जागच्या जागी सिद्ध केली: ज्याच्या मांडीवर बोचके नाही, तो प्रवासी नव्हे. आफ्रिकेत रिकाम्या हाताने कोणीही गावी जात नाही. तेव्हा गाडीत शिरण्यापूर्वी माणसे मोजू नयेत, बोचकी मोजावीत.

केनियाचे वाहतूकमंत्री जॉन मिचुकी यांनी २००४ साली या मटाटूंना शिस्त लावण्याचे मनावर घेतले. प्रत्येक आसनास पट्टा, वेगास लगाम, अंगावर पिवळा पट्टा, आणि आसनांइतकीच माणसे, असे कडक फर्मान निघाले. हे नियम आजही 'मिचुकींचे नियम' याच नावाने ओळखले जातात, ही कोणत्याही मंत्र्यास हेवा वाटावी अशी गोष्ट आहे. परंतु राजधानी मागे पडली आणि डांबर संपले की आसन या संज्ञेचा अर्थ सैल होऊ लागतो. दोन बाकांमधल्या मोकळ्या जागेत फळी टाकली की तेही आसन. एक पाय आत आणि उरलेला देह बाहेर असला तरी तेही आसन. पोलिसांचा नाका दृष्टिपथात आला की संपूर्ण गाडी जराशी आक्रसते, नाका गेला की पुन्हा फुलते, आणि या आकुंचन-प्रसरणात कोणाचीही चिडचिड होत नाही, हे मुंबईच्या लोकलमधून आलेल्या माणसालाही शिकण्याजोगे आहे.

जागा धरण्याच्या बाबतीत महाराष्ट्रातून गेलेल्या प्रवाशास आणखी एक सूचना. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो; म्हणून पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीत जाणता माणूस उजवी खिडकी धरतो व सावलीत जातो. विषुववृत्ताच्या दक्षिणेस जून-जुलैमध्ये हाच सूर्य उत्तरेकडून तळपतो. दार-एस-सलामहून मबेयाच्या दिशेने निघालेले भाऊसाहेब परंपरागत शहाणपणाने उजवीकडे बसले आणि मोरोगोरो येईपर्यंत त्यांची ती बाजू पुरती भाजून निघाली. "सूर्याने बदलीचा हुकूम दाखवायला हवा होता," एवढेच ते म्हणाले.

कालगणनेच्या बाबतीत मात्र ते कोणालाही हार गेले नाहीत. स्वाहिली लोक दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आपले सहा म्हणजे त्यांचे बारा. पहाटेची बस सकाळी बारा वाजता सुटते, असे तिकिटावर रीतसर लिहून मिळते. आमच्या लॉजमध्ये उतरलेला एक युरोपीय तरुण हे 'बारा' वाचून निर्धास्त झोपला आणि दुपारी सामान घेऊन तळावर गेला. तोपर्यंत बस जिल्हा ओलांडून गेली होती. भाऊसाहेबांनी तिकीट पाहताच मान डोलावली. आपल्या पंचांगातल्या घटका सूर्योदयापासूनच मोजतात, तेव्हा दिवस मध्यरात्री अंथरुणात सुरू होतो ही कल्पनाच मुळात विलायती आहे, असा निर्वाळा देऊन ते पहाटे साडेपाचलाच तळावर हजर झाले. विषुववृत्तानजीक सूर्य बारा महिने सहाच्या आसपासच उगवत असल्यामुळे ही पद्धत तेथे बिनचूक चालते.

इथिओपियात घड्याळ तर असे आहेच, पण दिनदर्शिकाही निराळी. तेथील सन आपल्या इसवी सनापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे चालतो. तिसऱ्या सहस्रकाचा सोहळा त्यांनी २००७ च्या सप्टेंबरात साजरा केला. महिने तेरा, त्यांपैकी तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. आपल्याकडे तेरावा महिना दुष्काळाच्या सोबतीने यावयाचा. त्यांच्या पर्यटन खात्याने त्याचेच भांडवल करून परदेशीयांस तेरा महिन्यांच्या उन्हाचे आश्वासन दिले. आदिस अबाबात उतरल्यावर भाऊसाहेबांनी कागदावर वजाबाकी केली आणि ते काही काळ गंभीर झाले. इथिओपियन सनाप्रमाणे ते अद्याप सेवेत होते, आणि तोपर्यंत उचललेले निवृत्तिवेतन अनियमित ठरत होते.

त्यांची गंभीरता उतरली ती जेवणाच्या ताटावर. शाकाहारी मराठी माणसास आफ्रिकेत उपाशी राहावे लागते, हा समज जर कोठे समूळ खोटा ठरत असेल तर तो इथिओपियात. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती समाज बुधवारी आणि शुक्रवारी, शिवाय मोठ्या सणांपूर्वी कित्येक आठवडे, उपवास करतो, आणि त्यांच्या उपवासात मांस, अंडी, दूध, लोणी हे सर्व वर्ज्य. त्यामुळे त्या दिवशी कोणत्याही खाणावळीत जाऊन उपवासाचे ताट मागितले की टेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची, कोकणातल्या आंबोळीसारखी जाळीदार, पण परातीएवढी इंजेरा येते, आणि तिच्यावर मसुराची तिखट डाळ, शिरो नावाचे दाट पिठले, कोबी-बटाटा, पालेभाजी असे रंगीबेरंगी ढीग मांडलेले असतात. चमचा नाही; इंजेराच्याच तुकड्याने सर्व उचलावयाचे. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ आणि बटाट्याचा कीस यांत उपवास शोधणाऱ्या समाजातून आलेल्या भाऊसाहेबांनी त्या प्रवासात जितके उपवास भक्तिभावाने केले, तितके त्यांनी आपल्या घरी कधीही केले नसतील.

टांझानियात पालेभाज्या आणि राजम्यासारखे शिजवलेले 'महारागे' यांवर दिवस निघतात. अंडे चालत असेल तर तळलेल्या बटाट्यांवर अंडी फोडून केलेले 'चिप्सी मायाई' कोणत्याही नाक्यावर मिळते. युगांडात चपातीत आम्लेट गुंडाळून देतात, त्यास रोलेक्स म्हणतात. रोलेक्स घेतले असे घरी कळवताना ते खाल्ले हेही कळवावे, नाही तर गैरसमज होतात. परंतु काटकसरी भारतीयासाठी या सर्वांहून मोठी वार्ता म्हणजे नैरोबी-मोम्बासा हमरस्त्यावरील मकिंदू येथील गुरुद्वारा. मोम्बासाहून निघालेली रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधण्यासाठी ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून तीस हजारांहून अधिक मजूर नेले. त्साव्होच्या नरभक्षक सिंहांनी त्यांच्यातले कित्येक उचलले, रोगराईने त्याहूनही अधिक नेले, आणि मागे राहिलेल्या शीख रेल्वे कामगारांनी १९२६ साली हे मंदिर बांधले. जाणाऱ्या-येणाऱ्या कोणासही, धर्म वा वर्ण न विचारता, तेथे जेवण मिळते आणि रात्रीचा मुक्कामही करता येतो. ट्रकचालक, मसाई गुराखी, पाठीवर पिशवी लटकवलेले जर्मन, सर्व एका पंगतीस. डाळ वाढणाऱ्या आजोबांना भाऊसाहेबांनी सवयीने दर विचारला. आजोबांनी उत्तरादाखल आणखी एक पोळी वाढली.

या रेल्वेच्या आगेमागे गेलेल्या व्यापाऱ्यांमुळे पूर्व आफ्रिकेत भारतीय चेहऱ्याचा माणूस दुकानदारच असणार, हे गृहीतक पक्के रुजलेले आहे. परिणामी गोऱ्या प्रवाशाकडे पाहुणा म्हणून पाहतात आणि आपल्याकडे भाव वाढवून सांगणारा प्रतिस्पर्धी म्हणून. तुमचे दुकान कोणत्या रस्त्यावर, हा प्रश्न आम्हांस गावोगाव विचारण्यात आला. आपले दुकान नाही हे पटत नाही. तेव्हा 'सध्या बंद आहे' असे सांगणे सोयीचे. २०१७ साली केनिया सरकारने आशियाई वंशाच्या आपल्या नागरिकांना देशाची चव्वेचाळिसावी जमात म्हणून अधिकृत मान्यता दिली. ही बातमी भाऊसाहेबांनी कात्रणासह जवळ बाळगली होती, आणि एका अभयारण्याच्या दारात, नागरिकांस एक दर, रहिवाशांस दुसरा आणि परदेशीयांस डॉलरमध्ये तिसरा, असा फलक पाहताच त्यांनी ते कात्रण पुढे केले. खिडकीतल्या कारकुनाने ते मनापासून वाचले, या थोर समाजाचे अभिनंदन केले, आणि मग अत्यंत आदराने पासपोर्ट मागितला. ताजमहालावर परदेशीयांकडून कैकपट शुल्क घेतले जाते तेव्हा त्यात राष्ट्रीय न्याय पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना फलकाची दुसरी बाजू तेथे वाचावयास मिळते. मसाई माराचे दैनिक शुल्क परदेशीयांसाठी २०२४ पासून जुलै ते डिसेंबरच्या हंगामात दोनशे डॉलर झाले आहे. आणि टांझानियातील सेरेंगेटीतून येणारे लक्षावधी विल्डबीस्ट त्याच हंगामात केनियाची सरहद्द बिनपरवाना ओलांडतात, हा विरोधाभास लेखापरीक्षणाच्या कोणत्याही निकषावर टिकणारा नाही.

मग गरिबाने हत्ती पाहावा कोठे? त्यास दोन राजमार्ग आहेत, आणि दोन्ही फुकट. पहिला म्हणजे दार-एस-सलामहून झांबियाकडे जाणारा महामार्ग, जो मिकुमी राष्ट्रीय उद्यानातून सुमारे पन्नास किलोमीटर जातो. साध्या बसच्या खिडकीतून झेब्रे, हरणे, जिराफ आणि दैव अनुकूल असेल तर हत्ती दिसतात. रस्त्याकडेला एक फलक आहे. त्यावर वाहनाची धडक बसून कोणता प्राणी दगावल्यास किती डॉलर दंड, याची सविस्तर दरसूची दिलेली आहे. हत्ती-जिराफांचे दर चढे, रानडुकरांचे माफक. भाऊसाहेब ती वहीत उतरवून घेऊ लागले, परंतु बस वेगात असल्यामुळे अर्ध्याच यादीवर समाधान मानावे लागले, आणि उरलेल्या नोंदींसाठी परतीच्या वाटेवर डावीकडे बसण्याचा त्यांनी निश्चय केला.

दुसरा मार्ग ताझारा रेल्वेचा. झांबियाचे तांबे दक्षिणेकडील गोऱ्या राजवटींच्या मुलखातून न नेता समुद्रास मिळावे, या हेतूने चीनच्या बिनव्याजी कर्जातून १९७० ते १९७५ या काळात बांधलेली ही १,८६० किलोमीटरची लोहवाट दार-एस-सलामहून झांबियातील न्यू कापिरी एम्पोशीपर्यंत जाते, आणि वाटेत जुन्या सेलूस अभयारण्याच्या अरण्यातून पार होते. ही गाडी घाई करीत नाही, हाच तिचा सर्वांत मोठा गुण. जिराफ मान वळवून पाहतो तेवढ्यात आपणही त्याला पाहून घेतो. शयनकक्षांत स्त्रिया आणि पुरुष वेगळे. स्थानक आले की खिडकीखाली केळी, अननस, उकडलेली कणसे, शेंगदाणे यांचा बाजार भरतो, आणि जे घेतले ते समोरच्या माणसाबरोबर वाटून खाण्याचा प्रघात आहे. आमच्या कक्षातील झांबियन शिक्षकाने शेंगदाणे दिले, भाऊसाहेबांनी लाडू दिला, आणि एवढ्या देवाणघेवाणीवर पुढचा सारा प्रवास दोन देशांच्या शिक्षण खात्यांची यथेच्छ निंदा करण्यात सुखाने पार पडला. सरहद्दीवर तर शिक्का घेऊन सरकारच आपल्या बाकापाशी येते. हे भाग्य आपल्या तहसील कचेरीत जन्मभर खेटे घालूनही लाभत नाही.

मुक्कामाविषयी थोडक्यात सांगण्याजोगे एवढेच, की गेस्टहाउसची खोली निवडताना पलंग पाहू नये, मच्छरदाणी पाहावी. तिला भोक असणार हे गृहीत धरून सुई-दोरा जवळ ठेवावा. भाऊसाहेबांनी ज्या खोल्यांत मुक्काम केला त्या खोल्यांतील मच्छरदाण्या आजही त्यांच्या टाक्यांवर उभ्या आहेत. हिवतापावरील औषधाबाबत आपल्या डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा, कारण आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या मेफ्लोक्विन नामक गोळीने काहींना विलक्षण स्वप्ने पडतात. लॉजवर भेटलेल्या एका प्रवाशाने त्या गोळीच्या बळावर एका रात्रीत इतकी जनावरे पाहिली की त्याने सफारीचे पैसे वाचविले.

सरहद्दींपैकी रवांडाची सरहद्द प्रत्येक मराठी कुटुंबाने मनावर कोरून ठेवावी अशी आहे. त्या देशाने २००८ सालीच प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, केनियाने २०१७ मध्ये आणि टांझानियाने २०१९ मध्ये तोच कित्ता गिरविला. आता आपल्या सामानाचे अंतरंग काय वर्णावे? भाऊसाहेबांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, यांनी चिवडा एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, मेतकूट तिसरीत, लाडू चौथीत, ओले कपडे घालण्यासाठी कोऱ्या पिशव्यांची घडी पाचवीत, आणि सर्व पिशव्या एकत्र राहाव्यात म्हणून एक मोठी पिशवी, अशी व्यूहरचना केलेली. तरुण जकात अंमलदाराने एकेक वेष्टन सोडवून बाजूस ठेवले. ढीग उंच होत गेला आणि सामान लहान होत गेले. अखेरीस चिवडा वर्तमानपत्रात, मेतकूट पाण्याच्या भांड्यात आणि लाडू भाऊसाहेबांच्या टोपीत, अशी पुनर्वसनाची व्यवस्था झाली. अंमलदाराने चिमूटभर चिवडा चाखून पाहिला व आणखी थोडा मागितला. त्याची पावती मात्र मिळाली नाही.

आणि ज्याला श्रीमंत होऊनच परतावयाचे असेल, त्याने व्हिक्टोरिया धबधब्यापाशी झिंबाब्वेची जुनी नोट घ्यावी. २००९ च्या जानेवारीत त्या देशाने शंभर ट्रिलियन डॉलरची नोट काढली; आपल्या गणनेत एक कोटी गुणिले एक कोटी. त्याच वर्षी ते चलन वापरातून गेले, आणि आज फेरीवाले ती नोट अमेरिकन डॉलर घेऊन आठवण म्हणून विकतात. भाऊसाहेबांनी तिच्यावरही घासाघीस केली. एक कोटी कोटी डॉलर आणखी स्वस्तात पाडून घेणारा लेखाधिकारी जिल्हा परिषदेच्या इतिहासात दुसरा झाला नसावा.

या सर्व अनुभवांची गोळाबेरीज आम्ही अशी मांडतो, की आफ्रिकेत पैशाची बचत ज्याला करता येते तो मूळचाच श्रीमंत असतो, कारण त्याच्यापाशी वाया घालविण्याजोगे दिवस असतात. त्याच फळीवर अंग चोरून बसलेल्या बाईंना दवाखान्याची वेळ गाठावयाची असते, पोते घेतलेल्या शेतकऱ्यास बाजार उठण्यापूर्वी पोहोचावयाचे असते. गाडी भरेपर्यंत थांबणे हे आपल्यासाठी वर्णनाचे साहित्य आणि त्यांच्यासाठी रोजचे नुकसान. म्हणून घासाघीस अवश्य करावी, ती तेथे शिष्टाचारच आहे. परंतु शेवटचे शिलिंग समोरच्याला सोडून द्यावे, आणि ज्याने आधी शेंगदाणे पुढे केले त्याला आपल्या डब्यातले काही दिल्याशिवाय उतरू नये.

आता जाऊ इच्छिणाऱ्यास एक अखेरची सूचना, आणि हिच्यात विनोदाचा अंश नाही. केनिया, युगांडा, इथिओपिया यांसारख्या देशांत जाण्यापूर्वी पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रात निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी. तिचा दाखला आता जन्मभर चालतो आणि तो पासपोर्टाबरोबरच ठेवावा. लसीवाचून परत आलेल्या प्रवाशास मायदेशी उतरताच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाते, आणि सबंध प्रवासात घासाघीस न चालणारा मुक्काम तेवढाच आहे.